ग्रानादाचा अस्त : तहाने घेतलेले राज्य आणि आठ वर्षांत मोडलेला शब्द

दक्षिण स्पेनमधील ग्रानादा शहरात दरवर्षी २ जानेवारीला अलहंब्रा किल्ल्याच्या बेला मनोऱ्यावरील जुनी घंटा वाजवली जाते. जी अविवाहित मुलगी त्या दिवशी ही घंटा वाजवील तिचा विवाह वर्षाच्या आत होतो, अशी तेथील समजूत आहे. त्यामुळे मनोऱ्याच्या जिन्यावर रांग लागते. खाली शहरात नगरपालिकेच्या सज्जातून राजध्वज फडकावला जातो, शहराच्या नावाचा पुकारा होतो आणि जमलेला समुदाय त्याला ओ देतो. अलीकडच्या काळात त्याच चौकात या सोहळ्याचा निषेध करणारेही फलक घेऊन उभे राहतात. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घटनेविषयी एका शहराचे अजून एकमत झालेले नाही, हे त्या चौकात दरवर्षी दिसते.

ती घटना म्हणजे २ जानेवारी १४९२ रोजी झालेले ग्रानादाचे सत्तांतर. इ.स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या फौजेने आयबेरियन द्वीपकल्पात पाऊल ठेवले तेव्हापासून तेथे सुरू झालेली मुस्लिम सत्ता या दिवशी संपली. ख्रिस्ती राजांनी शेवटचे मुस्लिम राज्य जिंकले, असे या घटनेचे वर्णन बहुधा एका वाक्यात केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दहा वर्षे चाललेल्या युद्धाच्या अखेरीस ग्रानादा शहरावर निर्णायक हल्ला झालाच नाही. शहर हाती आले ते वाटाघाटींनी, सह्याशिक्क्यांच्या तहाने. त्या तहात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना दिलेली वचने त्या काळाच्या मानाने विलक्षण उदार होती. ती किती दिवस टिकली, हाच ग्रानादाच्या इतिहासातील आजही टोचणारा प्रश्न आहे.

या राज्याचा जन्मही तहातूनच झाला होता. कोर्दोबाची खिलाफत १०३१ मध्ये मोडली आणि तिच्या जागी लहानलहान मुस्लिम संस्थाने उभी राहिली. उत्तरेकडील ख्रिस्ती राज्यांनी त्यांच्यातील वैराचा लाभ घेत १०८५ मध्ये तोलेदो घेतले. १२१२ मध्ये लास नावास दे तोलोसाच्या लढाईत आफ्रिकेतील अल-मोहद सत्तेचा कणा मोडला आणि दक्षिणेची दारे उघडली. कास्तीलचा राजा फर्डिनंड तिसरा याने १२३६ मध्ये खुद्द कोर्दोबा घेतले. या पडझडीच्या काळात आर्होना गावच्या मुहंमद बिन युसुफ बिन नस्र या सरदाराने १२३२ मध्ये स्वतःला सुलतान घोषित केले आणि पुढील काही वर्षांत ग्रानादात आपली राजधानी वसवली. फर्डिनंडच्या फौजा त्याच्याही उंबरठ्यावर येऊन ठेपल्या, तेव्हा त्याने १२४६ मध्ये हाएन हे महत्त्वाचे शहर राजाच्या स्वाधीन केले, त्याचे मांडलिकत्व पत्करले आणि वर्षाला दीड लाख माराव्हेदी खंडणी देण्याचे मान्य करून वीस वर्षांची शांतता विकत घेतली. दोनच वर्षांनी फर्डिनंडने सेव्हिल जिंकले, तेव्हा त्याच्या वेढ्यात ग्रानादाचे मुस्लिम घोडेस्वारही होते. ज्या लढ्याला पुढे ‘रिकॉन्किस्ता’ म्हणजे पुनर्विजय असे नाव पडले, त्यातील निष्ठा किती गुंतागुंतीच्या होत्या, हे समजण्यास एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

मांडलिक म्हणून जन्मलेले हे राज्य पुढे अडीचशे वर्षे टिकले. त्याला सिएरा नेवादाच्या बर्फाच्छादित पर्वतरांगांचा पाठिंबा होता. कोर्दोबा, सेव्हिल, वालेन्सियातून विस्थापित झालेले कारागीर, शेतकरी आणि विद्वान तेथे आश्रयाला आले. त्यांनी डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते रचली आणि पाटांचे जाळे विणले. रेशीम, साखर आणि सुका मेवा यांचा व्यापार मालागा आणि अल्मेरियाच्या बंदरांतून चाले, आणि तो बव्हंशी जिनोआच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या हाती होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्रानादा जिवंत राहण्यात कास्तीलचाही लाभ होता. आफ्रिकेतून येणारे सोने खंडणीच्या रूपाने कास्तीलच्या खजिन्यात पडत होते. चौथाईचा व्यवहार ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे गणित सहज उमगेल : दरवर्षी देणारा हात तोडण्यापेक्षा तो चालू ठेवणे केव्हाही फायद्याचे. मात्र त्या खंडणीचा बोजा अखेरीस ग्रानादाच्या रयतेवर कराच्या रूपाने पडत होता, आणि तो शेजारच्या ख्रिस्ती राज्यांतील करांहून जड होता.

चौदावे शतक हा या राज्याचा वैभवकाळ. पहिला युसुफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहंमद यांच्या कारकिर्दींत अलहंब्राचे आज दिसणारे राजवाडे उभे राहिले. सिंहांचे प्रांगण पाचव्या मुहंमदाचे. ‘अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही’ हे राजघराण्याचे ब्रीद भिंतींवर, कमानींवर, स्तंभशीर्षांवर असंख्य वेळा कोरलेले आहे. हे कोरीवकाम चालू असताना सुलतान खंडणी भरत होता वा ती कशी चुकवता येईल याचा विचार करत होता, ही गोष्ट त्या सौंदर्याला एक वेगळीच छटा देते. याच दरबारात इतिहासकार इब्न खल्दून आला. त्याचे पूर्वज सेव्हिलचे. १३६४ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून तो सेव्हिलला कास्तीलचा राजा पेद्रो याच्याकडे गेला, तेव्हा राजाने त्याला आपल्या सेवेत राहण्याची विनंती केली आणि त्याच्या पूर्वजांची मालमत्ता परत देण्याची तयारी दाखवली. त्याने नम्रपणे नकार दिला. राज्ये समूहभावनेच्या बळावर उभी राहतात आणि ती भावना विरली की कोसळतात, असा सिद्धान्त पुढे त्याने मांडला. त्याचा मित्र आणि ग्रानादाचा प्रकांड पंडित वजीर इब्न अल-खतीब याचा अंत मात्र दरबारी वैरातून झाला. १३७४ मध्ये फेजच्या तुरुंगात त्याचा गळा आवळण्यात आला.

ग्रानादाचा समतोल दोन पायांवर उभा होता : उत्तरेला कास्तीलशी तह आणि दक्षिणेला, सामुद्रधुनीपलीकडे, मोरोक्कोतील मरिनी सुलतानांचा आधार. १३४० मध्ये सालादो नदीच्या काठी कास्तील आणि पोर्तुगालच्या संयुक्त फौजांनी मरिनी आणि ग्रानादाच्या सैन्याचा दारुण पराभव केला. चार वर्षांनी अल्हेसिरासचे बंदरही गेले. त्यानंतर आफ्रिकेतून मोठी फौज मदतीला येणे जवळजवळ थांबले. राज्य लगेच कोसळले नाही, याचे श्रेय बरेचसे कास्तीलमधील यादवीला आणि प्लेगच्या साथीला जाते. जिब्राल्टरला वेढा घालून बसलेला कास्तीलचा राजा अकरावा अल्फोन्सो १३५० मध्ये त्याच साथीत मरण पावला आणि वेढा उठला.

पंधराव्या शतकात समतोल पुरता बिघडला. १४१० मध्ये अंतेकेरा गेले, १४६२ मध्ये जिब्राल्टर गेले. त्याहून घातक होती ती घरातील आग. नववा मुहंमद हा सुलतान चार वेळा गादीवर बसला आणि तीन वेळा तीवरून उतरवला गेला, एवढे सांगितले की राज्यकारभाराच्या स्थितीची कल्पना येते. बनू सर्राज या बलाढ्य घराण्याच्या पाठिंब्यावर किंवा विरोधावर सुलतान ठरू लागले. प्रत्येक दावेदार मदतीसाठी कास्तीलकडे धाव घेई आणि मदतीच्या बदल्यात नवी खंडणी, एखादा किल्ला वा नवे मांडलिकत्व देऊन येई. १४६४ मध्ये अबुल हसन अली याने आपल्या जन्मदात्याला पदच्युत करून गादी बळकावली. स्पॅनिश बखरींतील ‘मुले आसेन’ तो हाच.

नेमक्या याच काळात समोरच्या बाजूला उलट घडत होते. १४६९ मध्ये कास्तीलची इसाबेला आणि आरागॉनचा फर्डिनंड यांचा विवाह झाला. १४७४ मध्ये इसाबेला गादीवर आली, वारसाहक्काचे युद्ध तिने जिंकले आणि १४७९ मध्ये फर्डिनंडही आपल्या राज्याचा राजा झाला. दोन्ही राज्ये कायद्याने वेगळीच राहिली, पण त्यांची फौज आणि धोरण एका दिशेने चालू लागले. आपसांत लढण्याची सवय लागलेल्या सरदारांना गुंतवून ठेवण्यासाठी या जोडप्याला एका युद्धाची गरज होती. पोपने १४८२ मध्ये धर्मयुद्धाचे फर्मान काढले आणि त्याच्या आधारे जमणारा पैसा या युद्धाचा मोठा आधार ठरला.

ठिणगी पडली ती ग्रानादाच्याच बाजूने. १४८१ च्या डिसेंबरात अबुल हसनच्या फौजेने सारा हे सीमेवरील ठाणे अचानक छापा घालून घेतले. असे छापे दोन्हीकडून नेहमीच होत. पण या वेळी उत्तर वेगळे आले. २८ फेब्रुवारी १४८२ रोजी कादिसचा सरदार रोद्रिगो पोन्से दे लेओन याने अल्हामावर झडप घातली. अल्हामा सीमेवर नव्हते. ते राज्याच्या पोटात, ग्रानादा आणि मालागा यांच्या वाटेवर होते. ते परत घेण्याचे अबुल हसनचे प्रयत्न फसले आणि त्याच्या प्रतिष्ठेला तडा गेला.

त्या तड्यातून घर दुभंगले. अबुल हसनची पट्टराणी आयशा आणि तिचा मुलगा अबू अब्दुल्ला मुहंमद, म्हणजेच स्पॅनिशांच्या जिभेवरचा ‘बोअब्दिल’, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मूळची ख्रिस्ती बंदी आणि नंतर सुलतानाची लाडकी राणी झालेली सोराया आणि तिची मुले. जुन्या बखरकारांनी राज्याच्या नाशाचे सारे खापर या सवतीमत्सरावर फोडले आहे. कथा म्हणून ते आकर्षक असले, तरी कर आणि पराभव यांना कंटाळलेली राजधानी आणि सुलतानाने दुखावलेले बनू सर्राज नसते, तर एकट्या जनानखान्यातून बंड उभे राहिले नसते. १४८२ च्या जुलैत बोअब्दिलने ग्रानादा ताब्यात घेतले आणि बाप मालागाला गेला. ज्याने बापाला गादीवरून खेचले त्यालाच मुलाने खेचले. त्याच महिन्यात फर्डिनंडने लोहावर चढाई केली आणि सपाटून मार खाल्ला. शत्रू अजेय नव्हता. पण त्याच्या पराभवाचा लाभ घ्यायला ग्रानादात एक सुलतान उरला नव्हता.

पुढच्या एप्रिलमध्ये, आपणही लढू शकतो हे दाखवण्यासाठी बोअब्दिल लुसेनावर चालून गेला. तेथे त्याचा सासरा आणि लोहाचा वृद्ध किल्लेदार अली अत्तार मारला गेला आणि सुलतान स्वतः जिवंत पकडला गेला. आता त्याचे काय करायचे, या प्रश्नावर कास्तीलच्या दरबारात झालेला निर्णय अनेक तोफांपेक्षा भारी ठरला. फर्डिनंडने त्याला सोडून दिले. मांडलिकत्व, वर्षाला बारा हजार सोन्याची नाणी, ख्रिस्ती बंद्यांची सुटका आणि बोअब्दिलचा लहान मुलगा ओलीस, अशा अटी होत्या. कैदेतील सुलतानापेक्षा बापाशी लढणारा सुलतान अधिक उपयोगाचा, हे फर्डिनंडने ओळखले होते. पुढील चार वर्षे ग्रानादाच्या राज्यात ख्रिस्ती फौज एकीकडे आणि भाऊबंदकी दुसरीकडे, अशी दोन युद्धे एकाच वेळी चालली. म्हातारा अबुल हसन खचल्यावर त्याचा भाऊ मुहंमद, ‘अल-झगल’ म्हणजे शूर या बिरुदाचा, १४८५ मध्ये सुलतान झाला. काका लढत होता आणि पुतण्या शत्रूशी करार करत होता. एका गुप्त करारात तर काकाच्या ताब्यातील शहरे पडताच ग्रानादाही स्वाधीन करण्याचे बोअब्दिलने कबूल केले होते.

युद्धाची रीतही बदलली होती. दर उन्हाळ्यात कास्तीलच्या फौजा उभी पिके, द्राक्षमळे आणि फळबागा तोडत, गिरण्या जाळत पुढे सरकत. ग्रानादाभोवतीचे सुपीक मैदान म्हणजे शहराचे कोठार, आणि ते वर्षानुवर्षे उजाड केले गेले. डोंगरावरचे जे किल्ले शतकानुशतके अभेद्य मानले जात होते, त्यांच्यासमोर आता बैलांनी ओढत आणलेल्या जड तोफा उभ्या राहत. त्यांच्यासाठी आधी रस्ते खोदले जात. रोंदासारखे कड्यावरचे शहर १४८५ मध्ये काही दिवसांच्या भडिमाराने शरण आले. शरण येणाऱ्यांना जीव, धर्म आणि जंगम मालमत्ता राखून जाऊ द्यायचे, अशी फर्डिनंडची साधारण पद्धत होती. ती दयेची नव्हती, हिशेबाची होती : सौम्य अटी पुढच्या किल्ल्याची दारे उघडत.

मालागाने दारे उघडली नाहीत. १४८७ च्या मे महिन्यात वेढा पडला. किल्लेदार हामेत एल सेग्री याने आफ्रिकेतून आलेल्या लढवय्यांच्या बळावर तडजोडीची बोलणी धुडकावली. शहराने घोडे, मग गाढवे, मग चामडी खाल्ली आणि ऑगस्टमध्ये बिनशर्त शरणागती पत्करली. शिक्षा उदाहरण घालून देणारी होती. जवळजवळ सर्व रहिवासी गुलाम झाले. त्यांचे तीन वाटे करण्यात आले : एक आफ्रिकेतील ख्रिस्ती बंद्यांच्या बदल्यात देण्यासाठी, एक सरदार आणि सैनिकांना वाटण्यासाठी आणि एक युद्धाचा खर्च भरून काढण्यासाठी विकायला. शहरातील सुमारे साडेचारशे यहुद्यांची खंडणी कास्तीलमधील त्यांच्या समाजाने भरून त्यांना सोडवले. मालागाचे बंदर गेल्याने राज्याचा समुद्राशी मुख्य दुवा तुटला, आणि त्याहून मोठा परिणाम असा की यापुढे शरणागतीचा विचार करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांसमोर मालागा उभे राहू लागले.

ग्रानादाने बाहेरच्या जगाकडे मदत मागितली नव्हती असे नाही. कैरोतील मामलुक सुलतान कैतबाय याने जेरुसलेमच्या फ्रान्सिस्कन साधूंना दूत म्हणून पाठवले. युद्ध थांबले नाही तर आपल्या राज्यातील ख्रिश्चनांवर त्याचे परिणाम होतील, असा निरोप घेऊन ते १४८९ मध्ये बासाच्या वेढ्यात फर्डिनंडला भेटले. पण मामलुक आणि ऑटोमन एकमेकांशी लढण्यात गुंतले होते, आणि मोरोक्को स्वतःच दुबळे झाले होते. निरोपापलीकडे फारसे काही आले नाही. बासाने सुमारे सहा महिने झुंज दिली. तेथील सरदार याह्या अल-नज्जार याने अनुकूल अटींवर शहर दिले आणि पुढे बाप्तिस्मा घेऊन तो कास्तीलचा सरदार झाला. एकाकी पडलेल्या अल-झगलने अल्मेरिया आणि ग्वादिस स्वाधीन केले आणि काही काळाने तो आफ्रिकेला निघून गेला.

आता बोअब्दिलची पाळी होती. कराराप्रमाणे त्याने शहर द्यायला हवे होते. त्याने नकार दिला. निर्वासितांनी फुगलेल्या राजधानीत शरणागतीचा शब्द उच्चारणे त्याच्या जिवावर बेतले असते. १४९१ च्या एप्रिलमध्ये शेवटचा वेढा सुरू झाला. जुलैमध्ये ख्रिस्ती छावणीला आग लागून ती खाक झाली, तेव्हा राजा-राणीने तंबूंच्या जागी पक्के गाव बांधायला घेतले आणि त्याचे नाव ठेवले सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा. आपण येथून हलणार नाही, हा त्या बांधकामाचा अर्थ शहराच्या तटावरून सर्वांना वाचता येत होता. हिवाळा आला, पर्वतावरून येणारी रसद बर्फाने अडली. रात्रीच्या अंधारात बोलणी सुरू झाली. सुलतानाच्या वतीने वजीर अबुल कासिम अल-मुलीह, राजा-राणीच्या वतीने चिटणीस एर्नांदो दे साफ्रा आणि अरबी जाणणारा गोन्सालो फर्नांदेस दे कोर्दोबा. हाच गोन्सालो पुढे इटलीत थोर सेनापती म्हणून गाजला. २५ नोव्हेंबर १४९१ रोजी तह ठरला.

तहाच्या कलमांकडे सावकाश पाहायला हवे. ग्रानादाचे मुसलमान आपल्या धर्मात राहतील आणि कोणालाही बळाने ख्रिस्ती केले जाणार नाही. मशिदी, त्यांच्या जमिनी आणि उत्पन्न त्यांच्याकडेच राहील, आणि बांगेला मनाई असणार नाही. मुसलमानांचे तंटे त्यांचे काझी शरियतनुसार सोडवतील. घरे, शेते आणि मालमत्ता कायम राहतील. पूर्वी ख्रिस्ती असून मुसलमान झालेल्यांना परत फिरण्याची सक्ती होणार नाही. यहुद्यांप्रमाणे कपड्यांवर खूण लावण्यास मुसलमानांना भाग पाडले जाणार नाही. ज्यांना आफ्रिकेत जायचे असेल त्यांना मालमत्ता विकून जाता येईल, आणि ठरावीक मुदतीत राजा-राणीची जहाजे त्यांना पोहोचवतील. काही वर्षे करमाफी आणि त्यानंतर सुलतानांच्या काळी होते तेवढेच कर. ही सारी वचने राजा-राणीने स्वतःच्या नावाने आणि आपल्या वंशजांच्या वतीने, सदासर्वकाळासाठी दिली होती. बोअब्दिलला अल्पुहारासच्या डोंगराळ मुलखात जहागीर आणि रोख रक्कम मिळाली.

अशा अटी का दिल्या गेल्या? जिंकणाऱ्यांना शहर अखंड हवे होते, आणि जेथे बहुसंख्य लोक मुसलमान होते तो प्रांत चालवायला त्याच लोकांची गरज होती. काही इतिहासकारांच्या मते तह सुरुवातीपासूनच तात्पुरता होता. पण वचन देणाऱ्याचा हेतू काहीही असला, घेणाऱ्यांनी ते खरे मानूनच दारे उघडली, हे निर्विवाद आहे.

शहरात गडबड उसळण्याच्या भीतीने ठरलेली तारीख अलीकडे ओढण्यात आली. १ जानेवारीच्या रात्री कास्तीलची तुकडी गुपचूप अलहंब्रात शिरली. दुसऱ्या दिवशी बोअब्दिलने शहर स्वाधीन केले, त्याचा ओलीस मुलगा त्याला परत मिळाला, आणि मनोऱ्यावर क्रूस आणि ध्वज चढले. जाताना डोंगरवळणावर त्याने मागे पाहून निःश्वास सोडला आणि पुरुषासारखे न राखलेल्या राज्यासाठी बाईसारखा रडतोस काय, असे आईने त्याला सुनावले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ती नंतरच्या पिढीत लिहिली गेली आणि दंतकथेतच जमा होते. अटी ठरवून, करारनामा करून निघालेल्या माणसाला भित्रा ठरवणे जेत्यांनाही आणि हरलेल्यांनाही सोयीचे होते. सलमान रश्दी यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या कोची आणि मुंबईच्या कादंबरीचे नाव याच निःश्वासावरून आले आहे, आणि तिच्या निवेदकाचे आडनाव बोअब्दिलच्या ‘दुर्दैवी’ या अरबी टोपणनावावरून. प्रत्यक्षातील बोअब्दिल १४९३ मध्ये पत्नीच्या मृत्यूनंतर समुद्र ओलांडून फेजला गेला.

विजयाच्या त्या शहरातच, ३१ मार्च १४९२ रोजी, राजा-राणीने यहुद्यांना बाप्तिस्मा किंवा हद्दपारी असा पर्याय देणारे फर्मान काढले. पंधरवड्यानंतर, १७ एप्रिलला, सांता फेच्या छावणीत कोलंबसाशी करार झाला. या हद्दपारीचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पोर्तुगालला पळालेल्या अशाच एका कुटुंबात जन्मलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही झाला, त्याला मुंबई बेट मक्त्याने मिळाले, आणि भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. अपराध एवढाच की तो गुप्तपणे यहुदी राहिला, असा ठपका होता.

ग्रानादाच्या मुसलमानांच्या वाट्याला काही वर्षे बरी आली. पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालाबेरा याने मन वळवण्याचा मार्ग धरला. पाद्र्यांनी अरबी शिकावे यासाठी त्याने प्रयत्न केले आणि त्याच्याच प्रेरणेने पेद्रो दे अल्काला याने तयार केलेला अरबी शब्दकोश आणि व्याकरण १५०५ मध्ये छापले गेले. पण तोपर्यंत खेळ संपला होता. १४९९ मध्ये तोलेदोचा आर्चबिशप सिस्नेरोस ग्रानादात आला. त्याला तालाबेराची गती मंद वाटली. भेटी, दबाव आणि तुरुंग यांच्या साहाय्याने सामूहिक बाप्तिस्मे सुरू झाले. अरबी ग्रंथ गोळा करून बिब-रांब्ला चौकात जाळण्यात आले, त्यांतील वैद्यकाचे तेवढे राखून ठेवले गेले. पूर्वी ख्रिस्ती असलेल्या मुसलमानांवर त्याने हात टाकला. तहाने स्पष्टपणे संरक्षण दिलेले हेच ते लोक. त्या डिसेंबरात अल्बाइसिन वस्तीत दंगल उसळली.

यापुढचा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत होता. बंडखोरांनी तह मोडला, म्हणून आता राजा-राणी तहाने बांधलेली नाहीत. शिक्षा टाळायची असेल तर बाप्तिस्मा घ्यावा. पहिले उल्लंघन कोणाचे, हा प्रश्न त्या युक्तिवादात कोठेही नव्हता. डोंगरातील बंड १५०१ पर्यंत मोडले गेले आणि फेब्रुवारी १५०२ मध्ये सबंध कास्तीलच्या मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग असा आदेश निघाला. सदासर्वकाळासाठी दिलेला शब्द कायद्याने संपायला एक दशकाहून थोडाच अधिक वेळ लागला. प्रत्यक्षात तो आठ वर्षांतच मोडला होता.

नाइलाजाने ख्रिस्ती झालेल्या या समाजाला ‘मोरिस्को’ म्हणू लागले. १५६७ मध्ये त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख, स्नानगृहे आणि नावे यांवर बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने ग्रानादाच्या उच्च न्यायालयाच्या अध्यक्षाकडे निवेदन दिले. पूर्वेकडील देशांत ख्रिस्ती लोक अरबी बोलतात, तेथील लोकांसारखेच कपडे घालतात आणि तरीही ख्रिस्तीच असतात, मग भाषा आणि पोशाख म्हणजे धर्म कसा, असा त्याचा सवाल होता. त्याला उत्तर मिळाले नाही. १५६८ मध्ये अल्पुहारास पुन्हा पेटले. दोन-तीन वर्षांच्या भीषण युद्धानंतर ग्रानादाचे हजारो मोरिस्को साखळदंडात बांधून कास्तीलभर विखुरले गेले. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनमधील सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आले. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया येथे वसलेल्या त्यांच्या वंशजांत आंदालुशियन मूळ सांगणारी घराणी आजही आहेत.

२०१५ मध्ये स्पेनच्या संसदेने १४९२ च्या हद्दपारीची ऐतिहासिक चूक मान्य करून त्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा केला. मोरिस्कोंच्या वंशजांना तसा हक्क मिळालेला नाही. त्यांच्या संघटना तो मागत आहेत. त्याआधी, २००३ मध्ये, ग्रानादाच्या अल्बाइसिन टेकडीवर, अलहंब्राच्या अगदी समोर, एक नवी मशीद उघडली. परवानगीसाठी वीसहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली होती. तिच्या बागेत उभे राहिले की दरीपलीकडे घंटेचा तो मनोरा स्पष्ट दिसतो. १४९१ च्या तहाची प्रत सिमांकास येथील स्पॅनिश राजकीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहे.